खुंटीवरचे आवाज

दस्तगीरच्या शेडमध्ये सायलेन्सर टांगलेत
आठ-दहा, दुधी भोपळ्यासारखे,
आणि मी खाली उभा, मान वर करून.
मंडईत आल्यागत
एकाला टिचकी मारतो, दुसऱ्याचं वजन बघतो.

"जुन्यात काय उरलं नाही, आबा," तो म्हणतो,
"चाळण झालीया. पीठ चाळा ह्यातनं."
खरं आहे. सहा पावसाळे, वडणगे ते डेअरी,
पहाटे साडेतीनला तीस कॅन घेऊन
मी निघतो तेव्हा
सगळी गल्ली माझ्या नावानं कूस बदलते.
मगदूमबाईंनी तर वहीत तारखा लिहून ठेवल्यात.

हा स्टेनलेसचा. सात हजार दोनशे.
त्यात तोंड दिसतं,
म्हणून मी जरा लांबच उभा राहतो.
हा कंपनीचा. मापाचा, गप्प,
सासुरवाडीत पहिल्यांदा पाटावर बसलेल्या जावयागत.
आणि हा आतनं मोकळा, सरळ नळी.
पुतण्या संग्राम सकाळपासनं फोटो पाठवतोय:
काका, हाच. नाद खुळा.

दस्तगीर एकेक जोडतो, गाडी चालू करून दाखवतो.
सरळ नळी बोलली तेव्हा
चहाच्या ग्लासात वर्तुळं उठली,
समोरचा लेथवाला बाहेर येऊन बघून गेला.
मला दसरा चौक आठवला:
पोलिसांनी असलेच सायलेन्सर
रस्त्यावर ओळीनं निजवले होते,
आणि वरनं रोडरोलर.
जन्मभर ओरडलेले,
तेव्हा एकही ओरडला नाही.

आता अडचण सांगतो. हसू नका.
आमची शेवंता आहे, पाच वर्षांची, शिंगं पाठीवर वळलेली,
पाडव्याला मोरपिसं बांधून जिला पळवतो.
बाकीच्यांच्या म्हशी मोटरसायकलमागं धावतात,
ही धावते पिकअपमागं.
रेडकू होती तेव्हापासनं तिला तोच आवाज ठाऊक,
फाटका, खोकणारा,
तिसऱ्या गिअरला जरा अडखळणारा.
तो फाट्यावर आला की गोठ्यात दावं ताणलं जातं.
हाक मी तिला कधी मारलीच नाही.
गरज पडली नाही.

शेवटी फोन लावला.
"संग्राम, फोन तिच्या कानाला धर."
"कुणाच्या?"
"शेवंताच्या."

स्टेनलेस ऐकवला. "रवंथ करतीया."
कंपनीचा ऐकवला. "काका, फोन लागलाय न्हवं?"
सरळ नळी. "मागं सरली. शेण टाकलं."
दस्तगीर हसून हसून खाली बसला,
गाडी बंद केली, आणि बसता बसता
हातातला पाना निसटला,
पडला तो नेमका जुन्या भंगारावर.
गंज सांडला. पत्रा खोकला.

पलीकडनं संग्राम किंचाळला,
"कान! काका, कान उभं केलं!"

शेडमध्ये कुणी काही बोललं नाही.
लेथ तेवढा फिरत राहिला.

मग दस्तगीरनं जुन्याची शेपटी कापली, वीतभर,
जिथं पत्रा अजून जाड होता,
आणि कंपनीच्या गप्प नळीला वेल्ड करून दिली.
"आवाजाची गॅरंटी न्हाई," म्हणाला,
"आणि मगदूमबाईंना माझं नाव सांगू नगा."
अडीच हजार. मजुरी वेगळी. चहा त्याचा.

आता पुलावर आलोय. काच खाली.
आवाज ओळखीचा वाटतो आणि वाटत नाही,
मिशी काढून आलेल्या भावासारखा.
नदीवर कुणीतरी जनावरं धुतंय, मान वर करत नाही.
फाटा अजून दीड किलोमीटर.
तिसरा गिअर टाकतो
आणि घसा खाकरून ठेवतो,
न जाणो,
हाक मारायची वेळ आली तर.